परभाषेचा शब्द आणि शिकवणाऱ्याचा स्वर

परकी भाषा शिकायची म्हणजे तिचे शब्द पाठ करायचे, अर्थ लक्षात ठेवायचे आणि व्याकरणाच्या दोरीत ते ओवायचे, अशी आपली साधारण समजूत आहे. पुस्तक चांगले असावे, शिकणाऱ्याची बुद्धी बरी असावी आणि पाठांतर भरपूर असावे. मग भाषा येणारच! या हिशेबात एक गोष्ट मात्र सहसा कोणी धरीत नाही. ती म्हणजे शब्द ज्या आवाजातून कानावर येतो त्या आवाजातला भाव. ‘विंडो म्हणजे खिडकी’ हे वाक्य मायेने सांगता येते, कंटाळून सांगता येते आणि टेबलावर पट्टी आपटूनही सांगता येते. अर्थ तिन्ही वेळा तोच. मग शिकणाऱ्याच्या पदरात तिन्ही वेळा सारखेच पडते काय? आजच्या व्याख्यानात या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास मंगळवार पेठेतून किंवा राजारामपुरीतून एक फेरफटका मारावा. घरोघरी मुले इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे घोकत बसलेली दिसतील आणि त्यांच्या शेजारी आई, वडील किंवा शिकवणीच्या बाई. त्या घरांतून बाहेर येणारा आवाज जरा कान देऊन ऐकावा. शब्द इंग्रजी असतो, पण स्वर पुष्कळदा रागाचा असतो. ‘कितीदा सांगायचं तुला?’ हे वाक्य इंग्रजी शब्दाच्या पाठोपाठ हटकून येते. हा राग वाईट हेतूने येत नाही. मुलाला इंग्रजी यावे, आपले जिथे अडले तिथे त्याचे अडू नये, या कळकळीतूनच तो येतो. आणि म्हणूनच त्याचा जमाखर्च शांतपणे मांडून पाहिला पाहिजे.

स्वराचे हे सामर्थ्य आपल्या शास्त्रकारांना ठाऊक नव्हते असे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘काकु’ नावाचा एक विचार आहे. काकु म्हणजे आपली शेजारची काकू नव्हे. तिचा स्वरही अभ्यास करण्यासारखा असतो, ही गोष्ट वेगळी! काकु म्हणजे भावामुळे आवाजात पडणारा फेर. शब्द तेच ठेवून केवळ आवाजाच्या वळणाने अर्थ बदलता येतो, इतकेच नव्हे तर उलटाही करता येतो. ‘तू फार शहाणा आहेस’ हे वाक्य एका स्वरात शाबासकी ठरते आणि दुसऱ्या स्वरात कानउघाडणी. म्हणूनच पुढे अलंकारशास्त्रात काकुवक्रोक्ती हा एक स्वतंत्र प्रकार मानला गेला.

आपल्या कोल्हापूरकरांना याचा पुरावा ग्रंथात शोधायला नको. ‘जेवा की!’ या दोन शब्दांत व्याकरणाला फक्त आज्ञार्थ दिसेल. पण आपल्या स्वरात त्यात जे अगत्य असते ते लांबलचक निमंत्रणातही नसते. उलट परगावचा पाहुणा ‘काय करायलाईस?’ हा साधा प्रश्न ऐकून दचकतो. त्याला वाटते, हा मनुष्य आपल्याशी भांडायलाच उठला! शब्द त्याला कळलेले असतात. त्या शब्दांबरोबर जाणारा स्वर मात्र त्याने शिकलेला नसतो. तेव्हा शब्द हा नुसता अक्षरांचा गठ्ठा नव्हे. तो कानावर पडतो तो कोणत्या ना कोणत्या स्वरात पडतो, आणि मनात जाताना त्या स्वराचा काही अंश बरोबर घेऊन जातो.

आता परभाषेकडे वळू. आपल्या इतिहासात या विषयाची दोन विलक्षण उदाहरणे आहेत आणि दोहोंचाही कोल्हापूरशी संबंध आहे. दोन्ही घरांत पतीने आपल्या अल्पवयीन पत्नीला इंग्रजी शिकवले वा शिकवविले. काळही जवळजवळ एकच. स्वर मात्र अगदी निराळे.

पहिले घर गोपाळराव जोशी यांचे. पोस्टातील नोकरीमुळे त्यांच्या ठिकठिकाणी बदल्या होत, आणि त्यांतली एक कोल्हापूरला होती. त्यांची पत्नी आनंदीबाई यांचा जन्म १८६५ चा आणि लग्न १८७४ चे, म्हणजे अवघ्या नवव्या वर्षीचे. बायकोला शिकवायचेच, हा गोपाळरावांचा ध्यास होता. कोल्हापुरात असतानाच १८७८ साली त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना आपल्या पत्नीच्या शिक्षणाबद्दल पत्र लिहिले. ते पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले, १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यातून पुढचा सगळा इतिहास घडला. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या.

हे आपण सर्व जाणतो. पण त्यांचे शिक्षण कोणत्या स्वरात झाले, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जुन्या दिवसांची आठवण दिली: दहा वर्षांच्या वयात लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, अंगावर भिरकावलेली पुस्तके आणि खुर्च्या, सोडून निघून जाण्याच्या धमक्या. आणि त्याच पत्रात त्यांनी निवाडाही दिला आहे. तुमचे वागणे चांगले की वाईट, असे कोणी विचारले तर दोन्ही म्हणावे लागेल. अंतिम हेतू पाहता ते योग्य वाटते, पण लहान मुलाच्या मनावर होणारे परिणाम पाहता ते चूक होते, असा त्या निवाड्याचा आशय आहे. विशीच्या उंबरठ्यावरील मुलीने इतक्या समतोलपणे काढलेला हा निष्कर्ष आपण लक्षात ठेवू, कारण पुढे मानसशास्त्राचे प्रयोग आपल्याला जवळजवळ तिथेच आणून सोडणार आहेत.

दुसरे घर न्यायमूर्ती रानडे यांचे. रानड्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे त्यांचे बालपण आणि आरंभीचे शिक्षण याच गावी झाले. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा ज्यांनी पाडला ते हेच रानडे. अशा व्याख्यानांना आपण आज जमतो त्याचे श्रेय मुळात त्यांचे. १८७३ साली त्यांचे रमाबाईंशी लग्न झाले तेव्हा त्या अकराव्या वर्षात होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकविले. रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यात घरातील वडीलधाऱ्या बायकांनी इंग्रजी शिकण्यावरून केलेला छळ आहे, टोमणे आहेत, रडणे आहे. पण शिकवणाऱ्याचा आरडाओरडा नाही. नाराजी झाली तर रानडे अबोल होत, आणि रमाबाईंना ते अबोलणेच फार लागे. त्याच पुस्तकात कलकत्त्याची एक आठवण आहे. रानडे तेथे बंगाली शिकू लागले, तेव्हा दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच त्यांनी शब्द विचारायला सुरुवात केली. रमाबाईंनी थट्टा केली, पण त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. परभाषेचा शब्द चुकला तर काही बिघडत नाही, हा धडा न्यायाधीशाच्या तोंडून उपदेशाने नव्हे, तर वागण्याने त्या घरात शिकवला गेला.

आता कोणी म्हणेल, ‘पण इंग्रजी दोघींनाही आले ना?’ अगदी बरोबर. आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून जाहीर व्याख्यान दिले. रमाबाईंनीही पुण्यात मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत इंग्रजी भाषण वाचून दाखविले. तेव्हा रागाच्या स्वराने शब्द येतच नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. तसेच दोन माणसांची उदाहरणे म्हणजे काही शास्त्र नव्हे. मार खाऊन शिकलेली एक आनंदीबाई आपल्याला दिसते. मार खाऊन पाटी कायमची खाली ठेवलेल्या किती, याची नोंद इतिहास ठेवीत नाही. म्हणून प्रयोगांकडे जाऊ.

२०१० साली आनेट शिर्मर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही शब्द ऐकवले. काही शब्द साध्या, निर्विकार स्वरात उच्चारलेले होते, काही दुःखी स्वरात, तर काही आनंदी स्वरात. नंतर तेच शब्द लिखित रूपात दाखवून ‘यांतले कोणते ऐकले होते?’ असे विचारले. अपेक्षा अशी की भावभरल्या स्वरातले शब्द अधिक लक्षात राहिले असतील. तसे झाले नाही. आठवण सारखीच निघाली. पण मग त्या शब्दांबद्दल ‘हा शब्द तुम्हाला कितपत सुखद वा दुःखद वाटतो?’ असे विचारले, तेव्हा फरक दिसला. दुःखी स्वरात ऐकलेला शब्द लोकांना अधिक अप्रिय वाटू लागला होता, आनंदी स्वरात ऐकलेला अधिक प्रिय. गंमत अशी की कोणता शब्द कोणत्या स्वरात ऐकला हे आठवण्या-न आठवण्याशी या फरकाचा संबंध नव्हता. स्वर विसरला तरी त्याचा रंग शब्दावर राहिला!

हा प्रयोग परभाषेच्या शब्दांचा नव्हता, ओळखीच्या शब्दांचा होता. पण विचार करा: ओळखीच्या शब्दाला, ज्याच्याभोवती वर्षानुवर्षांच्या आठवणी जमलेल्या असतात त्यालाही, एका ऐकण्याने रंग चढत असेल तर परभाषेच्या कोऱ्या शब्दाचे काय? त्याला मुळात दुसरा रंगच नसतो. शिकवणाऱ्याचा स्वर हाच त्याचा पहिला रंग.

मग स्वराने शब्द अधिक चांगला ‘येतो’ असे कधीच होत नाही काय? होते, पण वेगळ्या वाटेने. १९९५ साली रोबर्टा गोलिन्कॉफ आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढ माणसांना चिनी भाषेतील वाक्ये चित्रांबरोबर ऐकवली. एका गटाला मोठ्या माणसाशी बोलावे तशा स्वरात, दुसऱ्या गटाला तान्ह्या बाळाशी बोलताना आई वापरते तशा संथ, चढउताराच्या, लाडिक स्वरात. चित्रातील वस्तूचा चिनी शब्द उचलता आला तो लाडिक स्वर ऐकणाऱ्यांनाच, आणि तोही शब्द वाक्याच्या शेवटी आला असेल तेव्हाच. म्हणजे शब्द शिकवला तो निव्वळ लाडाने नव्हे. त्या स्वरात शब्द सुटा होतो, लांबतो, ठळक होतो. अनोळखी आवाजांच्या गर्दीत नेमके काय पकडायचे ते कानाला कळते. आपल्या आजी-आया ‘हा बघ चां...दो...मामा’ म्हणतात तेव्हा हेच करतात.

दुसरी वाट वैविध्याची. अमेरिकेतील बारक्रॉफ्ट आणि सॉमर्स यांनी २००५ साली इंग्रजी बोलणाऱ्यांना स्पॅनिश शब्द शिकवून पाहिले. प्रत्येक शब्द ऐकवण्याच्या वेळा सारख्याच ठेवल्या. एकाच माणसाच्या एकाच साध्या आवाजात ऐकलेल्या शब्दांपेक्षा, अनेक माणसांच्या आवाजात किंवा एकाच माणसाच्या निरनिराळ्या ढंगांत, म्हणजे कधी कुजबुजून, कधी उत्साहाने, कधी लांबवून, ऐकलेले शब्द लोकांना जास्त चांगले आठवले. पुढे २००७ साली त्यांनी आवाज नुसता लहान-मोठा करून पाहिला, तेव्हा मात्र काही फायदा झाला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाकडे पालकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तोच शब्द त्याच ढंगात, फक्त पट्टी वाढवून सांगणे ही आपली आवडती पद्धत आहे, आणि नेमकी तीच निरुपयोगी दिसते.

आता रागाच्या स्वराचा खर्च पाहू. भय वाटले की शरीरात काही संप्रेरके सुटतात. त्यांतले कॉर्टिसॉल हे एक प्रमुख. स्वित्झर्लंडमध्ये डॉमिनिक द केर्व्हां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना शब्दांची एक यादी पाठ करायला दिली. दुसऱ्या दिवशी परीक्षेपूर्वी काहींना कॉर्टिझोन म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल वाढवणारे औषध दिले, काहींना नुसतीच औषध नसलेली गोळी. औषध घेतलेल्यांना आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द कमी आठवले. पाठ करण्याच्या आधी दिलेल्या औषधाने तसे झाले नाही. आठवून सांगण्याच्या वेळीच अडथळा आला.

याचा अर्थ पालकांच्या रोजच्या अनुभवातला आहे. ‘सांग, छत्रीला काय म्हणतात?’ असे दरडावून विचारले की मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि तासाभराने खेळताना तोच शब्द आपोआप बाहेर येतो. आपण म्हणतो, ‘बघा, येत होतं, पण मुद्दाम सांगितलं नाही!’ मुलाने मुद्दाम काही केलेले नसते. कोठारात धान्य होते; आपल्या आवाजाने दाराला कडी घातली होती, इतकेच.

आणि ही कडी काही एका संध्याकाळची नसते. ‘इंग्रजी समजते, वाचता येते, पण बोलायला तोंड उघडत नाही’ अशी तक्रार आपल्या भागातील कितीतरी सुशिक्षित माणसे करतात. परभाषेच्या वर्गातील या भीतीचा स्वतंत्र अभ्यास १९८६ पासून होऊ लागला. त्या वर्षी अमेरिकेत एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी तेहतीस विधानांची एक पट्टी तयार केली. नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत असे दिसले की ज्यांना ही भीती जास्त त्यांची परभाषेतील प्रगती सरासरीने कमी असते. अर्थात, भीतीमुळे भाषा येत नाही की भाषा येत नाही म्हणून भीती वाटते, हा वाद उरतोच. बहुधा दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. पण एवढे खरे की शब्द माहीत असणे आणि तो वापरण्याची हिंमत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली पाठांतराने मिळते. दुसरीत शिकवणाऱ्याच्या स्वराचा वाटा मोठा असतो, असे मला वाटते. माझ्या सगळ्या विवेचनाचे सार या एका भेदात आहे.

याच संदर्भात आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००३ साली कॅथरिन हॅरिस आणि आयशे आयचिचेगी यांनी, तुर्की ही मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या माणसांच्या बोटांना उपकरण जोडून, भावनेने हाताला सुटणारा सूक्ष्म घाम मोजला. लहान मुलांना दटावताना वापरतात तशी वाक्ये त्यांना दोन्ही भाषांत ऐकवली. तुर्कीतल्या दटावण्याने शरीर जितके हलले तितके इंग्रजीतल्या दटावण्याने हलले नाही. मातृभाषेतील शब्दांत आईचा स्वर मुरलेला असतो. नंतर पुस्तकातून आलेल्या शब्दांत तो नसतो. आपल्यालाही कोणी इंग्रजीत ‘स्टुपिड’ म्हटले तर आपण हसून सोडून देतो. मराठीत ‘बावळट’ म्हटले की लागते. परभाषेचे शब्द अनेकदा फिके वाटतात त्याचे कारण तेच: आपण त्यांचे अर्थ घेतले, स्वर घेतलेच नाहीत.

आणि स्वर न घेता शब्द घेतला की व्यवहारातही घोटाळे होतात. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावरची हकीकत नोंदवली आहे. तेथील कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बाया वाढपाचे काम करीत. जेवणाऱ्याला रस्सा हवा का, हे विचारायला त्या ‘ग्रेव्ही’ एवढाच शब्द उच्चारीत. इंग्रज बाई तोच शब्द शेवटी चढवून उच्चारते; मग तो प्रश्न होतो, ‘वाढू का?’ आपल्याकडच्या बाया तो उतरत्या स्वरात उच्चारीत, आणि इंग्रजांच्या कानाला तो ‘ही घे ग्रेव्ही, पाहिजे तर खा’ असा लागे. त्या उद्धट आहेत असा समज झाला. शब्द एकच, उच्चारही बरोबर. सारा कलह काकूचा! ध्वनिफीत ऐकवून हा भेद दाखविल्यावर दोन्ही बाजूंना उलगडा झाला. ‘जेवा की’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी ही हकीकत विसरू नये.

तेव्हा शब्द स्वरासकट शिकायचा तर तो जिवंत माणसाकडून शिकलेला बरा. सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चिनी बोलणाऱ्या बायांनी बारा बैठकांत या बाळांशी खेळत, पुस्तके दाखवीत गप्पा मारल्या, तेव्हा चिनी भाषेतील ध्वनिभेद बाळांना ओळखू येऊ लागले. त्याच बायांचे चित्रमुद्रण किंवा ध्वनिमुद्रण तितकाच वेळ दाखविले-ऐकविले, तर काहीच फरक पडला नाही. मोठ्या माणसांचे तंतोतंत असेच होते असे नाही. यंत्रावर ऐकून प्रौढ माणसे शब्द शिकतातच. पण आज खिशातल्या मोबाइलमधून जो एकसुरी आवाज मुलाला इंग्रजी शब्द सांगतो, त्याच्या भरवशावर मुलाला सोडून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. यंत्र रागावत नाही, हा त्याचा गुण. ते आनंदतही नाही, ही त्याची उणीव.

जिवंत स्वरात परभाषा शिकण्याचे एक मोठे उदाहरण आपल्या गावाला लागूनच घडले. दुसऱ्या महायुद्धात रशियातून हद्दपारीच्या यातना भोगून बाहेर पडलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, बाजार होता. भाजी, फळे, कापड विकायला येणाऱ्या आपल्या लोकांनी पाहता पाहता पोलिश शब्द उचलले, अशा आठवणी तेथे राहिलेल्यांनी सांगितल्या आहेत. त्यांच्या हाती पोलिश पुस्तक नव्हते, समोर मास्तर नव्हता, परीक्षा नव्हती. होते ते गिऱ्हाईक, समोरची वस्तू आणि सौदा पटवण्याचा हसरा स्वर. चुकलेल्या उच्चारावर गिऱ्हाईक हसले तरी त्या हसण्यात अपमान नव्हता. उलट ओळख वाढत होती. त्या जागी पुढे फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव वसले आणि गांधीनगर उभे राहिले. व्यापाराच्या याच शाळेत त्यांनी मराठी आपलीशी केली.

एवढे ऐकून कोणाला वाटेल, की मग स्वर हीच भाषेची गुरुकिल्ली! तसे समजू नये. बल्गेरियातील लोझानोव्ह यांनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत एक पद्धत काढली होती. तीत शब्द आणि त्यांचे अर्थ कधी साध्या, कधी कुजबुजत्या, कधी अधिकारवाणीच्या स्वरात वाचून दाखवीत; जोडीला मंद संगीत असे. या मार्गाने शब्द कैकपटींनी लवकर येतात असे दावे केले गेले. पुढे इतरांनी तपासले तेव्हा ते दावे त्या प्रमाणात टिकले नाहीत. स्वर कितीही गोड असला तरी उजळणीवाचून शब्द राहत नाही, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवून ठेवले आहे. स्वर हा पाठांतराच्या जागी येत नाही. पाठांतराने आलेला शब्द पुढे आपला सोबती होणार की धनको, हे तो ठरवतो.

मग आपण घरी काय करावे? उपाय साधे आहेत. नवा शब्द सांगताना तो सुटा, सावकाश आणि वाक्याच्या शेवटी आणावा. अर्थाला साजेल असा स्वर लावावा. ‘बिग’ म्हणताना आवाज भरदार व्हावा, ‘टायनी’ म्हणताना बारीक. घरातील चार माणसांनी चार ढंगांत तो वापरावा. आजोबांचा उच्चार गावठी असला तरी चालेल, त्यामुळे अपायापेक्षा उपायच अधिक होईल. शब्द विचारताना आवाज चढू लागला असे वाटले, तर प्रश्न तिथेच सोडून द्यावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारावा. चुकीचा उच्चार आला तर ‘चूक!’ म्हणण्याऐवजी बरोबर उच्चार आपणच सहज बोलून दाखवावा. आणि ज्यांना स्वतःला इंग्रजी येत नाही त्यांनी मुलाकडून शिकावे. रानड्यांनी न्हाव्याला गुरू केले. आपल्याला आपल्या मुलाला गुरू करायला काय हरकत आहे? शिकवताना मुलाचा स्वर आपोआप आत्मविश्वासाचा होतो, आणि तो रंग त्या शब्दावर कायमचा बसतो.

आनंदीबाईंच्या इंग्रजीचे पुढे काय झाले, हे सांगून संपवतो. जी भाषा धाकात शिकल्या त्याच भाषेत त्या कार्पेंटरबाईंना पत्रे लिहू लागल्या. अजून एकमेकींना पाहिलेही नव्हते तेव्हापासून त्या पत्रांतून मावशी-भाचीचे नाते जुळले, आणि रोझेलच्या त्या घरी आनंदीबाईंना माहेर मिळाले. भयाच्या स्वरातून आलेल्या शब्दांना मायेच्या स्वराचा दुसरा रंग चढला. शिक्षण संपल्यावर त्यांची नेमणूक झाली ती आपल्याच कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सी. पी. आर. मध्ये, स्त्रियांच्या विभागावर. ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, आणि ते शब्द इथे बोलले जायचे राहून गेले. पण त्यांच्या आयुष्यातून दिसणारी एक गोष्ट आशादायक आहे. शब्दाला लागलेला पहिला रंग पक्का असला तरी शेवटचा नसतो. ज्यांच्या इंग्रजीवर लहानपणच्या छडीचा वळ आहे, त्यांनाही पुढे कोणी प्रेमाने बोलणारा भेटला तर तो वळ फिका होऊ शकतो. तो बोलणारा होण्याची संधी आपल्यापैकी प्रत्येकाला आज घरी गेल्यावर आहे.